जुन्या किराणा दुकानाशी मुलांची ओळख कशी करून द्यायची

गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत धाकट्याला घेऊन मी पेठेतल्या एका जुन्या किराणा दुकानात गेले होते, तो तेव्हा सहा वर्षांचा. गादीवरच्या आजोबांनी तागडीत अर्धा किलो मटकी तोलली आणि हा तागडीच्या चारी बाजूंनी वाकून वाकून काहीतरी शोधायला लागला, मला वाटलं पारडी हलतायत त्याची मजा वाटतेय, तर मला हळूच म्हणतो "आई, याचा आकडा कुठे येतो?" आजोबांनी ऐकलं. त्यांनी दोन्ही पारडी रिकामी केली, दांडीच्या मधल्या काट्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा इथे सरळ उभा राहिला ना बाळा, की झालं. तोच आकडा."

त्या दिवसापासून आजपर्यंत आम्ही दर महिन्याला तिथे जातोय. थोरली आता दहा वर्षांची आहे. मधल्या काळात बहिणीच्या मुलांना, बिल्डिंगमधल्या दोघातिघांना घेऊन गेले, काही वेळा छान झालं, काही वेळा पार फसलं. बऱ्याच जणी विचारतात तू नक्की काय करतेस, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढते.

सगळ्यात आधी एक गोष्ट. मुलांना दुकान बघायला नेऊ नका, सामान आणायला न्या. हे लोक तिथे पोट भरायला बसलेत, त्यांची तिसरी चौथी पिढी त्या गल्ल्यावर बसतेय. आपण मुलांचा घोळका घेऊन जायचं, फोटो काढायचे, "बघा बघा पूर्वी असं असायचं" म्हणायचं आणि पाच रुपयांच्या गोळ्या घेऊन निघायचं, यात मुलांना काही मिळत नाही आणि दुकानदाराचा खोळंबा होतो. मूल गिऱ्हाईक म्हणून गेलं, त्याच्या हातात यादी असली, खिशात पैसे असले, की ते आपोआप डोळे उघडून बघतं.

दुकान कसं शोधायचं

पुण्यात असाल तर रविवार पेठ, भवानी पेठ, मंडईच्या आजूबाजूच्या गल्ल्या. मंडईची दगडी इमारत १८८६ सालची आहे, तिच्या भोवतीच्या रस्त्यांवर अजून बरीच जुनी दुकानं टिकून आहेत. मुंबईत गिरगाव, लालबाग, दादर. सातारा, वाई, सांगली, कोल्हापूर, नाशिक अशा गावांत कुठल्याही बाजारपेठेत पंधरा मिनिटं फिरलात तरी सापडेल.

खुणा सांगते. दुकानाला शटर नसून लाकडी फळ्या असतात, एकेक फळी खाचेत सरकवून दुकान बंद करतात आणि क्रम चुकू नये म्हणून फळ्यांवर आकडे टाकलेले असतात (मुलांना हे आकडे शोधायला फार आवडतं). वर छताला सुतळीचं किंवा दोऱ्याचं रीळ टांगलेलं असतं आणि दोरा खाली गल्ल्यापर्यंत लोंबत असतो. मागच्या भिंतीला पत्र्याचे डबे, पुढे पोती तोंडं गुंडाळून उघडी ठेवलेली. पाटीवर स्थापनेचं साल असलं तर उत्तमच, पण खूप ठिकाणी पाटीच नवीन असते आणि दुकान शंभर वर्षांचं, त्यामुळे पाटीवर जाऊ नका.

अजून एक, दुकानांचे प्रकार मुलांना आधी सांगून ठेवा म्हणजे गोंधळ होत नाही. भुसार म्हणजे धान्य कडधान्य. किराणा म्हणजे मसाले, साखर, गूळ, तेल, साबण वगैरे. जनरल स्टोअर म्हणजे वह्या, पेनं, कंगवे, रिबिनी, पावडर, बटणं, दोरे. काष्ठौषधीचं दुकान वेगळंच, तिथे वेखंड, ज्येष्ठमध, हिरडा, बेहडा मिळतो. जुन्या दुकानांत बहुतेक वेळा यातलं दोन तीन एकत्र असतं. आमच्या दुकानात उजवीकडे भुसार, डावीकडे किराणा, आणि एका काचेच्या कपाटात सुया दोरे पेन्सिली, थोरली त्या कपाटापुढून हलत नाही.

आधी एकटं जाऊन या

ही पायरी मी पहिल्यांदा गाळली होती आणि महिन्याच्या तीन तारखेला संध्याकाळी सात वाजता दोन मुलं घेऊन उभी राहिले. पगार झालेले, पंधरा माणसं याद्या घेऊन उभी, कुणाला आमच्याकडे बघायला वेळ नाही. धाकट्याच्या पायावर कुणाची तरी पिशवी आपटली आणि आम्ही काहीही न घेता परत आलो.

तेव्हा आधी एकटं जा, स्वतःसाठी काहीतरी घ्या, आणि मोकळा वेळ बघून विचारा की मुलांना घेऊन आले तर चालेल का, कुठल्या वेळी गर्दी नसते. साधारण दहा तारखेच्या पुढे, मधल्या वारी, सकाळी अकराच्या सुमाराला किंवा दुपारची विश्रांती संपवून दुकान उघडतं तेव्हा बरं पडतं. सणाच्या आदल्या आठवड्यात अजिबात नको. पुण्यात जुनी दुकानं दुपारी एक ते चार बंद असतात हे पुण्याच्या लोकांना सांगायला नको, पण सुट्टीत बाहेरगावाहून किंवा परदेशातून येणारे हमखास दोन वाजता जाऊन फळ्या बघून परत येतात, त्यांच्यासाठी लिहिलं.

फोटो काढायचे असतील तर तेव्हाच विचारून घ्या. नको म्हणाले तर नको.

घरी यादी करणं, याला घाई करू नका

माझ्या मते निम्मं काम इथेच होतं. यादी मुलांनी हाताने लिहायची, कागदावर, मराठीत. घरात आजी आजोबा असतील तर त्यांच्याशेजारी बसवा, कारण आपण "पाचशे ग्रॅम" म्हणतो आणि आजी म्हणते "अर्धा किलो", आपण "अडीचशे" म्हणतो आणि ती म्हणते "पावशेर". मग मूल विचारतंच, शेर म्हणजे काय?

तर शेर म्हणजे ८० तोळे, आजच्या हिशोबात साधारण ९३३ ग्रॅम. भारतात १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने किलो आला आणि शेर गेला, पण पावशेर शब्द जिभेवर राहिला. खरा पावशेर काढायचा तर ९३३ चा चौथा हिस्सा, म्हणजे २३३ ग्रॅमच्या आसपास, आज आपण पावशेर म्हणून २५० घेतो. थोरलीने हा भागाकार स्वतः केला आणि दोन दिवस सगळ्यांना सांगत फिरत होती की आपल्याला १७ ग्रॅम जास्त मिळतात. तोळ्याचंही तसंच आहे, जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आणि आता सोन्याच्या दुकानात १० ग्रॅमला तोळा म्हणतात.

पैशांचं पण सांगा. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली आणि रुपयाचे १०० नवे पैसे झाले. चार आणे म्हणजे २५ पैसे, ते नाणं २०११ च्या जूनअखेर चलनातून गेलं. घरात कुठल्यातरी डब्यात पावली नक्की सापडेल, ती मुलांच्या हातात द्या. "सोळा आणे खरं" असं आजी का म्हणते हे मग समजावून सांगावं लागत नाही.

पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे शब्द इंग्रजी माध्यमातल्या मुलांना जड जातात, माझ्या दोघांनाही गेले. त्यांच्या पणजोबांच्या पिढीला शाळेत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अगदी औटकी म्हणजे साडेतीनचे पाढे पाठ करायला लागायचे. आम्ही पाढे नाही केले. पण स्वयंपाकघरात आठवडाभर मुद्दाम याच शब्दांत बोललो, "पाऊण वाटी रवा दे", "सव्वा वाटी पाणी घाल", आणि दुकानात जाईपर्यंत शब्द बसले होते.

यादी किती मोठी? सहा सात वर्षांच्या मुलाला एक किंवा दोन वस्तू, नऊ दहाला पाच सहा, बारा तेराला घरातली अख्खी महिन्याची यादी द्यायला हरकत नाही. वस्तू अशा निवडा की निदान एक सुटी तोलून मिळणारी असेल (मटकी, शेंगदाणे), एक पुडीत बांधून मिळणारी (खसखस, वेलदोडे, हिंग), आणि एक अशी की जी मुलाने कधी नावानेही ऐकली नाहीये. आम्ही पहिल्यांदा दगडफूल लिहिलं होतं. धाकट्याला वाटलं दगड असेल.

पैसे रोख, सुट्या नोटा आणि नाणी, पाकिटात मोजून. यूपीआय सगळीकडे आहे, आमच्या आजोबांच्या गल्ल्यावर पण तो चौकोन चिकटवलेला आहे, पण मुलाला बेरीज करायची असेल आणि मोड परत घ्यायची असेल तर रोखच हवेत. आमचा अंदाज तीनशे रुपयांचा असतो. सोबत कापडी पिशव्या आणि एखादा रिकामा डबा न्या.

दुकानात गेल्यावर

आत शिरायची घाई करू नका. आम्ही समोरच्या बाजूला पाच मिनिटं उभे राहतो. कोण येतंय, काय मागतंय, आजोबा गादीवरून न उठता हात लांब करून कुठला डबा काढतात, पोरगा माळ्यावरून काय खाली देतो. मग आत, आणि आधी नाक. मी मुलांना डोळे मिटून सांगायला लावते कशाकशाचा वास येतोय. हिंग लगेच कळतो, गूळ कळतो, शिकेकाई आणि कापूर कळायला वेळ लागतो, आणि गोणपाटाचा वास हा वेगळा वास आहे हे तर मला स्वतःलाच त्या दिवशी जाणवलं, लहानपणी मामाच्या गावच्या दुकानात हाच वास होता आणि मी मधली तीस वर्षं तो विसरले होते.

मागायचं काम मुलानेच करायचं. तुम्ही मागे उभ्या राहा आणि तोंड बंद ठेवा. हे फार अवघड आहे, मला अजून जमत नाही. मूल अडखळतं, "अं... ते... मटकी" म्हणतं, आपल्याला वाटतं मागे लोक उभे आहेत चटकन बोलून टाकावं. नका बोलू. जुने दुकानदार या बाबतीत आपल्यापेक्षा धीराचे असतात, त्यांनी हजार पोरं अशी अडखळताना बघितलीत. आजोबांनी धाकट्याला विचारलं "मोड काढायचेत का उसळीला हवीय?" आणि तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला, मी छताकडे बघितलं. शेवटी त्याने स्वतःच सांगितलं "आजी मोड काढते आणि मग उसळ करते." आजोबा म्हणाले "मग बारीक ने."

हाक मारायची रीत आधी सांगून ठेवा. पुण्यात काका, आजोबा, काकू चालतं, काही दुकानात शेठ म्हणतात, मालक म्हणतात. "एक्सक्यूज मी" नको, आणि "अहो-जाहो"च हवं, मदतीला असलेल्या पोऱ्यालाही "दादा" म्हणायचं. आणि पोत्यात हात घालायच्या आधी विचारायचं, "हात लावू का?" हा नियम आमच्याकडे पक्का आहे. धान्य विकायचं आहे, कुणाच्या तरी ताटात जाणार आहे.

परवानगी मिळाली की मग कडधान्यांचा खेळ. तूर, मूग, मटकी, चवळी, हुलगे, वाल, पावटे, मसूर, एकेक दाणा तळहातावर. आजोबा दाणा दातांनी फोडून दाखवतात, टक्कन फुटला तर वाळलेला, चेपला तर ओल आहे. गूळ बोटाने खरवडून बघायचा. तांदूळ मुठीत घेऊन वास घ्यायचा, आंबेमोहोराला मोहोराचा वास खरंच येतो का ते बघायचं. हे सगळं दाखवायला दुकानदाराला मनापासून आवडतं, कारण हल्ली गिऱ्हाईक पाकिटावरचं नाव वाचतं आणि निघतं.

तागडी आणि मापं

आता बहुतेक दुकानांत इलेक्ट्रॉनिक काटा आला, आमच्याकडेही रोजचं काम त्यावरच चालतं, तागडी मागे ठेवलेली असते आणि गर्दी नसली की मुलांसाठी काढतात. तुमच्याकडे तागडी असेल तर हे करून बघा.

आधी रिकामी पारडी समान आहेत का बघायची. मग वजनं हातात घ्यायची, ५०, १००, २००, ५०० ग्रॅम, १ किलो. लोखंडी षटकोनी ठोकळे असतात, उलटे करून बघितलं तर तपासणीचा शिक्का दिसतो. वैधमापन शास्त्र विभागाचे निरीक्षक वजनं आणि काटे ठराविक मुदतीने तपासून शिक्का मारतात, हे ऐकून थोरलीला खूप बरं वाटलं, म्हणजे कुणीतरी बघतं तर.

मग कोडं. ५०, १००, २०० आणि ५०० ची एकेकच वजनं आहेत, ३५० ग्रॅम कसं तोलायचं? सोपं आहे, २०० अधिक १०० अधिक ५०. आता ४०० तोला. इथे मुलं अडकतात. पाच मिनिटं अडकू द्या. उत्तर असं की ५०० एका बाजूला आणि १०० चं वजन मालाच्या पारड्यात. धाकट्याला हे सांगून कळलं नव्हतं, हाताने केल्यावर कळलं, आणि मग त्याने ४५० स्वतः काढलं. मोठ्या मुलांना घरी पुढचं द्या, १, ३, ९ आणि २७ किलोची फक्त चार वजनं असतील तर १ पासून ४० किलोपर्यंत प्रत्येक पूर्ण किलो तोलता येतो, कसा ते शोधा. आमच्या घरी या कोड्यावर एक अख्खा रविवार गेला.

मापं मात्र तागडीपेक्षाही जुनी गंमत आहे. दोन कोळवी म्हणजे एक चिपटं, दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर (हा मापाचा शेर, मघाचा वजनाचा नव्हे), दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. प्रत्येक वेळी दुप्पट. आजोबांकडे पितळी चिपटं आणि मापटं अजून आहे, एकात एक बसतं. थोरलीने चिपट्याने चार वेळा तांदूळ भरून शेर होतो का ते मोजून बघितलं. घरी याच्यावरून एक प्रयोग करा, एकाच वाटीने एकदा तांदूळ भरा, एकदा पोहे, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. माप तेच, वजन किती वेगळं. धान्य मापाने विकायचे तेव्हा हे गिऱ्हाइकाला कळावं लागायचं, म्हणून शीग लावून भरलं की सपाट भरलं यावर दारात बोलाचाली व्हायच्या.

पुडी

मुलांना सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर पुडी. रीत लिहून देते.

वीतभर चौकोनी कागद हातात तिरका धरा. एक कोपरा आत वळवत शंकू करा, खालचं टोक अगदी घट्ट. त्या टोकाची शेंडी वर दुमडून दाबा, नाहीतर मोहरी खालून पळते. आता पाऊण भागच भरा, गच्च भरली की पुडी बांधता येत नाही, हे मुलांना पटत नाही आणि पहिल्या तीन पुड्या उलगडतात. वर उरलेले कागदाचे कान आत दुमडा, एकावर एक, शेवटचा कोपरा खोचा. मग दोरा एकदा उभा, एकदा आडवा, आणि शेवटी दोरा बोटाला गुंडाळून झटका. कात्री लागत नाही. आजोबांचा हात बघत राहावा असा चालतो, एका पुडीला पाच सेकंदंही लागत नाहीत.

कागदाबद्दल एक सांगते. पूर्वी रद्दीच्या वर्तमानपत्रात बांधायचे, पण छपाईची शाई खाण्यात जाते म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने वर्तमानपत्रात खायचे पदार्थ बांधू नका असं सांगितलेलं आहे. आमच्या दुकानात आता कोरा खाकी कागद वापरतात. घरी सराव करतानाही कोराच घ्या.

फळीवरच्या सालांचा खेळ

दुकानात थोडं रेंगाळायला मिळालं तर हा खेळ थोरल्या मुलांसाठी. फळीवर जे ब्रँड दिसतात त्यातले सगळ्यात म्हातारे कोण? पनवेलचं धूतपापेश्वर १८७२ चं. अमृतांजन १८९३ साली मुंबईत सुरू झालं. म्हैसूर सँडल साबण १९१६, पार्ले १९२९, आणि ते नाव विलेपार्ल्यावरून आलं हे मुलांना माहीतच नसतं. कॅम्लिन १९३१, विको १९५२. आणि बेडेकरांचं मला विशेष वाटतं, कारण १९१० साली गिरगावात त्यांची सुरुवात किराणा दुकानानेच झाली. म्हणजे आज ज्या बरण्या या फळीवर आहेत त्या एका अशाच दुकानातून निघाल्या.

साल पाकिटावर किंवा डब्यावर छापलेलं असतं का ते शोधायला सांगा. शोधता शोधता निव्वळ वजन, कमाल किंमत, पॅकिंगचा महिना, हिरवा ठिपका हे सगळं वाचून होतं.

कुठून येतं हे सगळं

महाराष्ट्राचा नकाशा घरी भिंतीवर लावा आणि दुकानातून आणलेल्या प्रत्येक वस्तूची टिकली त्यावर लावा. आजोबांना विचारायचं, हा माल कुठला? कोल्हापूरचा गूळ, सांगलीची हळद, मंगळवेढ्याची ज्वारी, कोरेगावचा वाघ्या घेवडा, मुळशीचा आंबेमोहोर, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, रत्नागिरी सिंधुदुर्गचं कोकम, भिवापूरची मिरची. या सगळ्यांना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये. आमच्या नकाशावर विदर्भात अजून दोनच टिकल्या आहेत, हिंग तर नकाशाबाहेर अफगाणिस्तानात गेला, त्यासाठी दुसरा कागद जोडला.

आजोबांना काय विचारायचं

हे पहिल्या भेटीत नाही. तिसऱ्या चौथ्या महिन्यात, ओळख झाल्यावर. आणि "पूर्वी कसं होतं?" असं विचारू नका, त्याला सगळे "चांगलं होतं" एवढंच उत्तर देतात. नेमकं विचारायचं. तुम्ही पहिल्यांदा गल्ल्यावर बसलात तेव्हा किती वर्षांचे होतात? कुठली वस्तू आता कुणीच मागत नाही? चुकून जास्त पैसे दिले गेले तर काय करता? दुकान कधी सलग बंद राहिलं होतं?

या शेवटच्या प्रश्नावर आम्ही अर्धा तास बसलो. दुकान नदीपासून फार लांब नाही, आणि १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पाणी आत शिरलं. आजोबा तेव्हा थोरलीएवढे होते. त्यांनी सांगितलं की पाणी ओसरल्यावर वडिलांबरोबर आले, तर तांदळाची पोती फुगून फाटली होती आणि साखरेची पोती नुसती चपटी पडली होती, आत काहीच नाही. साखर पाण्याबरोबर गेली. थोरली गप्प झाली. रात्री तिने विचारलं "मग त्यांनी परत कसं सुरू केलं?" मी म्हटलं पुढच्या महिन्यात तूच विचार. तिने विचारलं. ते म्हणाले, ज्या व्यापाऱ्यांकडून माल घ्यायचो त्यांनी पैसे न घेता पोती पाठवली, वही भिजली होती, कोणाकडे किती येणं आहे ते लिहिलेलं गेलं होतं, पण गिऱ्हाइकं स्वतः येऊन सांगत होती माझे एवढे बाकी आहेत.

१९७२ च्या दुष्काळाचं पण विचारा, मिलो नावाची लाल ज्वारी अमेरिकेतून यायची, तिच्या भाकरीची चव त्या पिढीला अजून आठवते. घरच्या आजीला विचारलंत तरी ती सांगेल.

वही

उधारीची वही हा नाजूक विषय. त्यात इतर घरांचे हिशोब असतात, त्यामुळे मुलांनी डोकवायचं नाही, फोटो तर मुळीच नाही. आजोबांनी आम्हाला एक कोरी लाल वही उघडून दाखवली. रोजच्या व्यवहाराची ती रोजकीर्द, डावीकडे जमा, उजवीकडे नावे, आणि त्यातून प्रत्येकाचं वेगळं पान काढायचं ती खतावणी. लक्ष्मीपूजनाला नव्या वह्यांची पूजा होते, हळदकुंकू वाहतात, पहिल्या पानावर श्री लिहितात. आता खरा हिशोब सूनबाई कॉम्प्युटरवर करतात, २०१७ ला जीएसटी आल्यापासून तर सगळाच, पण पूजा वहीचीही होते आणि कीबोर्डवरही फूल ठेवतात. दिवाळीत बोलावलं तर जरूर जा, मुलांना नीट कपडे घालून न्या आणि पेढे न्या.

घरी मुलांना छोटी रोजकीर्द सुरू करून द्या. धाकट्याच्या वहीत पहिली नोंद आहे, जमा आजीकडून २० रुपये, नावे लिमलेटच्या गोळ्या ५ रुपये.

हे टाळा

दुकानदारासमोर मोबाईल काढून ॲपवरचा भाव बघणं. मी एकदा सवयीने केलं, आजोबा काही बोलले नाहीत, पण मला घरी येईपर्यंत वाईट वाटत होतं. घासाघीस करू नका. एका वेळी तीनपेक्षा जास्त मुलं नकोत. मसाल्याच्या धुळीचा, शेंगदाण्याचा त्रास असणारं मूल असेल तर दारातूनच बघू दे. आणि मूल कंटाळलं तर निघा, दहा मिनिटांत निघालात तरी चालेल, पुढच्या महिन्यात परत जायचंच आहे ना.

दर महिन्याला

एकाच भेटीत सगळं उरकायला गेलात तर मुलांच्या लक्षात फक्त गोळ्या राहतात. आम्ही सणांप्रमाणे जातो. श्रावणात भगर, साबुदाणा, शिंगाड्याचं पीठ. गणपतीला कापूर, वाती, खोबरं. दिवाळीच्या बऱ्याच आधी उटणं आणि चकलीची भाजणी करायला धान्य. संक्रांतीला तीळ, चिक्कीचा गूळ. पाडव्याला साखरेच्या गाठी. उन्हाळ्यात सांडग्यांची डाळ, मसाल्याच्या मिरच्या, तेव्हा तर दुकानात पाय ठेवायला जागा नसते आणि सगळे शिंकत असतात. वर्ष फिरलं की मुलांना न सांगता कळायला लागतं की आता दुकानात काय आलं असेल.

साधारण सहाव्या सातव्या महिन्यापासून मी दारात थांबायला लागले, मग कोपऱ्यावर. थोरली आता एकटी आत जाते. मुलाला एकटं पाठवायच्या आधी दुकानात सांगून ठेवा आणि रस्ता ओलांडायचा असेल तर तुम्ही सोबत हव्यातच.

गेल्या जानेवारीत धाकट्याने हट्ट केला की यादी तो एकटाच देणार. मी कोपऱ्यावर उभी. दहा मिनिटांनी तो पिशवी घेऊन आला, मोड बरोबर होती, शेंगदाणे होते, गूळ होता, तीळ नव्हते. मला वाटलं मागायला विसरला. त्याने चिठ्ठी पुढे केली. त्याच्या वाकड्यातिकड्या अक्षरातल्या "तिळ पाव किलो" या ओळीपुढे आजोबांनी पेन्सिलीने "ति"ची "ती" करून लिहिलं होतं, "नवे गुरुवारी येतील, तेव्हा ने." गुरुवारी शाळेतून आल्या आल्या त्याने दप्तर टाकलं आणि पिशवी शोधायला लागला.